सॅक सगळ्यात शेवटी

मुक्कामाच्या भटकंतीला पहिल्यांदाच निघणारा माणूस खरेदीची सुरुवात बहुधा सॅकपासून करतो. साठ लिटरची सॅक घरी येते. मग तिच्यात मोकळी जागा दिसू लागते आणि ती भरायला वस्तू सुचत जातात: जादाची जीन्स, स्टीलचा डबा, घरातली जाड चादर, शँपूची बाटली. गड अर्धा चढेपर्यंत खांदे भरून येतात. आपला दम कमी पडला असे त्याला वाटते आणि पुन्हा तो डोंगराकडे फिरकत नाही. असे किती तरी धडधाकट तरुण मी पाहिले आहेत आणि दरवेळी हळहळ वाटली आहे, कारण खरेदीचा क्रम उलटा केला असता तर तेच पाय त्यांना आनंदाने वर घेऊन गेले असते.

क्रम असा असावा. आधी प्रदेश आणि महिना ठरवायचा. त्या प्रदेशात, त्या महिन्यात शरीराला कशाचा त्रास होणार ते काढायचे. त्या त्रासावर उतारा ठरतील तेवढ्याच वस्तू जमवायच्या आणि तोलायच्या. त्या सगळ्या मावतील एवढीच सॅक अगदी शेवटी घ्यायची. ही रीत शिकायला सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांसारखी दुसरी शाळा मला माहीत नाही.

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माणदेशातल्या दहिवडीला तो पाचशेच्या आसपास असतो. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे घाटमाथ्याला धडकून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. माणदेशात उतरेपर्यंत ते कोरडे आणि उबदार झालेले असतात. सांगलीतही तेच. शिराळा तालुक्यात चांदोलीचे जंगल चिंब असते तेव्हा आटपाडी आणि जतमध्ये लोक आभाळाकडे डोळे लावून बसलेले असतात. म्हणून नकाशावर तीन उभे पट्टे कल्पावेत. पश्चिमेला प्रतापगड, मधुमकरंदगड, वासोटा, जंगली जयगड हा ओला पट्टा. मध्ये पांडवगड, वैराटगड, चंदन-वंदन, कल्याणगड. आणि पूर्वेला वारुगड, संतोषगड, महिमानगड, वर्धनगड, सांगलीच्या बाजूला बाणूरगड हा कोरडा पट्टा. जुलैतल्या जंगली जयगडाचे सामान एप्रिलमधल्या वारुगडावर निम्मे निरुपयोगी ठरते. दुकानातला माणूस 'सगळीकडे चालणारा सेट' म्हणून जे पुढे करतो ते या दोहोंपैकी एका ठिकाणी तरी नक्की कमी पडते.

प्रदेशाबरोबर तिथले नियमही पाहायचे. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. वासोट्याला बामणोलीहून शिवसागर जलाशय ओलांडून जातात, वनखात्याची परवानगी लागते आणि गडावर मुक्कामाला बंदी आहे. तिथे स्लीपिंग बॅग आणि तंबू वाहून नेण्यात काहीच अर्थ नाही; वीस-पंचवीस लिटरची पिशवी, पाणी आणि डबा एवढ्यावर दिवस निघतो.

हिमालयाच्या याद्या पाहून खरेदी करणे ही आणखी एक ठेच. साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी २०१३ मध्ये एव्हरेस्ट आणि २०२२ मध्ये कांचनजुंगा सर केले, त्याचा आम्हा सातारकरांना अभिमान आहे. तिथे अंगात घालतात ते पिसांचे जाकीट कोरड्या थंडीसाठी असते. पिसे ओली झाली की त्यांचा फुगवटा बसतो आणि ऊब संपते. कोयनेच्या धुक्यात एका रात्रीत त्याचा गोळा होईल.

आता पाय. पैसे थोडे असतील तर ते आधी बुटांवर खर्च करावेत, हे मी ठामपणे सांगेन. पायात वाढलेला भार पाठीवरच्या तेवढ्याच भारापेक्षा पाच-सहा पट जास्त दमवतो, कारण तो प्रत्येक पावलाला उचलून पुढे न्यावा लागतो. तेव्हा सैनिकी थाटाचे जड कातडी बूट नवशिक्याला नकोत. आपला डोंगर काळ्या बेसॉल्टचा. चढावर कातळ, उतारावर मुरमाचा घसारा, आणि पावसाळ्यात कातळावर शेवाळ. घसाऱ्याला खोल नक्षीचा तळ लागतो, कातळाला मऊ रबर लागते. महाराष्ट्रातल्या ट्रेकर मंडळींच्या दोन पिढ्या 'ॲक्शन ट्रेकिंग'च्या स्वस्त बुटांवर सह्याद्री फिरल्या, त्याचे कारण रबराची ही पकड आणि बुटाचा हलकेपणा. ओल्या शेवाळावर मात्र कोणतेच रबर धरत नाही. तिथे पाऊल आडवे टाकायचे आणि काठी टेकायची.

'वॉटरप्रूफ' हा शब्द ऐकून पुष्कळ जण भुलतात. पावसाळी वाटेवर पाणी बुटात वरच्या तोंडातून शिरते. ओढ्यात पाय घोट्याच्या वर गेला की आत आलेले पाणी त्याच अस्तरामुळे बाहेर पडत नाही आणि दिवसभर पाय पाण्यात भिजून पांढरे पडतात. जाळीदार, निथळणारा बूट आणि लोकरीचे किंवा सिंथेटिक मोजे पावसाळ्यात अधिक बरे. मोजे पँटीवरून ओढून घेतले तर जळवांचाही उपद्रव कमी होतो. बूट संध्याकाळी विकत घ्यावा, कारण दिवसभराने पाय थोडे फुगलेले असतात. जाड मोजे घालून पाहावा आणि पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा मोकळी ठेवावी. ही जागा नसली की उतारावर बोटे पुढे आपटून नखे काळी पडतात.

एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. बऱ्याच बुटांच्या तळाचा मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या दमटपणाने तो वर्षानुवर्षे आतून कुजत जातो. बूट वापरला नाही तरी कुजतो. किंबहुना कपाटात ठेवलेला बूट जास्त फसवतो. कमळगडावरून नांदगणेकडे उतरताना माझ्या उजव्या बुटाचा तळ असाच अख्खा सुटून वाटेवर पडला. वरून बूट नवाकोरा दिसत होता. मी तळ जागेवर बसवला, पिशवीतल्या सुतळीने टाचेखालून घोट्याभोवती चार वेढे मारले आणि दर दोनशे पावलांना गाठ आवळत गावापर्यंत आलो. तेव्हापासून निघण्याच्या आठवडाभर आधी मी दोन्ही बूट हातात वाकवून पाहतो. वाकवताना मधल्या थराला बारीक भेगा दिसल्या, बोटाने दाबल्यावर भुगा निघाला, तर तो बूट घरीच राहतो. पाच-सहा मीटर सुतळी मात्र तेव्हापासून कायम पिशवीत असते.

पायांनंतर अंग, आणि इथे जरा थांबायला हवे, कारण सह्याद्रीत माणूस आजारी पडतो तो बहुतेक ओलीने. हवेपेक्षा पाणी शरीराची उष्णता सुमारे पंचवीस पट वेगाने ओढून घेते. जुलैत कासच्या पठारावर तापमान अठरा-वीस अंश असते, म्हणजे थंडी म्हणावी असे काहीच नाही. पण भिजलेला सुती टी-शर्ट, भिजलेली जीन्स आणि अंगावर येणारा वारा एकत्र आला की तासाभरात दातांवर दात आपटू लागतात. सुताचा धागा पाणी पितो आणि अंगाला चिकटतो. त्यातली हवा निघून जाते आणि ऊब तर हवेच्या थरातच असते. पॉलिएस्टरचा धागा पाणी जवळजवळ पीत नाही, म्हणून पिळून झटकला की पंधरा-वीस मिनिटांत अंगावर सुकू लागतो. पळायला वापरतात तो साधा टी-शर्ट आणि ट्रॅकपँट यासाठी पुरते. जीन्स आणू नये, एवढे एकच वाक्य नवशिक्याने लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

हे शास्त्र इथल्या माणसांना नवे नाही. माण, खटाव, फलटण, आटपाडीकडचे धनगर दिवाळीनंतर मेंढरे घेऊन कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडावर माघारी येतात. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड. अंगावर मात्र घोंगडी, हातात काठी, कमरेला छोटी पिशवी एवढेच. दख्खनी मेंढीची ही लोकर राठ आणि काळी. सणगर विणकर ताण्याच्या सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्याने धागा ताठ होतो आणि वीण घट्ट बसते. लोकर आपल्या वजनाच्या जवळपास एक तृतीयांश ओल पोटात घेऊनही हाताला फारशी ओली लागत नाही. शिवाय तिचा धागा मुळातच कुरळा, त्यामुळे भिजल्यावरही त्यात हवा अडकून राहते. म्हसवडजवळ एका म्हाताऱ्या मेंढपाळाने मला घोंगडीची खोळ करून दाखवली होती. चार पदरी घडी, एक कोपरा आत दुमडला, उलटा करून डोक्यावर घेतला. डोके, पाठ आणि गुडघ्यांपर्यंतचे अंग झाकले गेले आणि दोन्ही हात मोकळे. "हात मोकळं र्‍हायला पायजेत बघा, मेंढरामागं पळायचं आसतंय," एवढेच तो म्हणाला. पावसाळी साहित्याची याहून नेमकी कसोटी मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही.

घोंगडीचे वजन दोन-तीन किलो भरते, म्हणून ती पाठीवर न्या असे मी म्हणणार नाही. तिच्यातले तत्त्व घ्यायचे: भिजल्यावरही ऊब देईल असा एक थर जवळ हवा. आज ते काम लोकरीचा स्वेटर किंवा पॉलिएस्टर फ्लीसचे जाकीट करते. जावळी-पाटणकडे भात लावताना बायका जे इरले घेत, त्यातही असेच तत्त्व आहे. कामट्यांच्या सांगाड्यावर पाने बसवलेले इरले पाठीवरून पाणी ओघळू देते आणि खालून पूर्ण उघडे असते, म्हणून आत घाम कोंडत नाही. महागड्या 'श्वास घेणाऱ्या' रेनकोटचे कापड आतली वाफ बाहेर सोडते ते आत-बाहेरच्या दमटपणात फरक असला तरच. जुलैत घाटमाथ्यावर बाहेरची हवाच वाफेने भरलेली असते. मग आतला माणूस पावसाने नाही तर घामाने भिजतो. त्यापेक्षा साधा पोंचो सरस: सॅकसकट माणसाला झाकतो, खालून उघडा असतो, तीनशे ग्रॅम भरतो आणि रात्री अंथरताही येतो. फक्त सोसाट्याच्या वाऱ्यात तो फडफडतो, तेव्हा कमरेला सुतळी बांधावी.

यावरून निष्कर्ष असा की पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात न भिजण्याचा हट्ट सोडावा. भिजावे, चालताना अंग तापलेले असते. पण कोरड्या कपड्यांचा एक जोड जिवापाड जपावा आणि मुक्कामाला पोहोचेपर्यंत त्याला हात लावू नये. सकाळी ओलेच कपडे पुन्हा चढवायचे. पहिली दोन मिनिटे नकोशी जातात, नंतर काही वाटत नाही. हा जोड कोरडा राहावा म्हणून सॅकच्या बाहेरच्या कव्हरवर विसंबू नये. पाणी पाठीच्या बाजूने, पट्ट्यांच्या शिवणीतून आत येतेच. सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी अस्तरासारखी घालायची, सगळे सामान त्या पिशवीत भरायचे आणि तोंड पिळून दुमडून टाकायचे. शेतावर युरियाच्या गोणीची खोळ करून लोक पावसात काम करतात. प्लास्टिकवरचा त्यांचा विश्वास अनुभवातून आलेला आहे. मात्र खताची वापरलेली पिशवी आत घेऊ नये, नवी घ्यावी.

रात्रीचा विचार थोडक्यात. तंबू ही नवशिक्याची पहिली खरेदी असू नये. पहिला मुक्काम छपराखाली करावा. सज्जनगडावर भक्तनिवासात राहता येते, प्रसाद मिळतो, वाट पायऱ्यांची आहे. तिथे एक रात्र काढली की आपण काय उगाच आणले आणि काय विसरलो ते सकाळपर्यंत कळते. उघड्यावरच्या हिवाळी मुक्कामाला स्लीपिंग बॅग लागते. तिच्यावर दोन-तीन तापमाने छापलेली असतात, त्यातला 'कम्फर्ट'चा आकडा पाहायचा. 'एक्स्ट्रीम'चा आकडा केवळ जीव वाचण्यापुरता असतो, झोपेशी त्याचा संबंध नाही. महाबळेश्वरात हिवाळ्यात पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो; वेण्णा तलावाकाठी कधीकधी दव गोठते. तेव्हा कम्फर्ट पाच ते दहा अंशांची बॅग आणि अंगात फ्लीस एवढे आपल्याकडे पुरते. त्याहून उबदार बॅगेचे ओझे पाठीला आणि खिशाला सारखेच जड. बॅगेखाली कॅरीमॅट मात्र हवीच. अंगाखाली दबलेल्या बॅगेत हवा राहत नाही आणि कातळ रात्रभर अंगातली उष्णता ओढत राहतो. थंडी वाजते म्हणून दुसरी जाड बॅग घेणाऱ्यांपैकी अनेकांची अडचण चारशे ग्रॅमच्या मॅटने सुटली असती.

टॉर्च डोक्याला बांधायचा घ्यावा. हात मोकळे राहतात, आणि नागांसाठी ओळखल्या जाणाऱ्या बत्तीस शिराळ्याच्या मुलखात अंधारात पाय कुठे पडतो हे दिसायलाच हवे.

पूर्व पट्ट्यात सगळे गणित पाण्यावर येते. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात काटकसर करता येत नाही. एप्रिल-मेमध्ये वारुगड किंवा बाणूरगडाकडे निघालात तर माणशी किमान चार लिटर धरावे आणि टाक्यातल्या पाण्याची चौकशी पायथ्याच्या गावात करूनच वर जावे. टाक्यातले पाणी तुरटीने निवळते, पण जंतू मरत नाहीत. उकळावे किंवा जीवनड्रॉपसारखे क्लोरिनचे थेंब घालून अर्धा तास थांबावे. चार लिटरची एकच कॅन घेण्यापेक्षा एक-एक लिटरच्या चार बाटल्या बऱ्या. एक फुटली किंवा खराब पाणी भरले गेले तरी तीन शाबूत राहतात. या पट्ट्यात पोंचोची जागा रुंद काठाची टोपी आणि पूर्ण बाह्यांचा फिका शर्ट घेतो. बाह्यांचा उपयोग कड्यांवरच्या आग्या मोहोळांपासूनही होतो. अत्तर आणि बॉडी स्प्रे मारून गडावर जाऊच नये.

एका रात्रीच्या भटकंतीत चूल किंवा स्टोव्ह नकोच, असे माझे मत आहे. साताऱ्याच्या डोंगरांवरचे वाळलेले गवत फेब्रुवारीपासून एका ठिणगीने पेटते आणि वणवा सगळी सोंड काळी करून जातो. ज्वारीची किंवा बाजरीची कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे दोन दिवस सहज टिकतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांतून साधारण साडेपाचशे कॅलरी मिळतात, पन्नास ग्रॅम गुळातून पावणेदोनशेच्या वर. एवढी पुडी खिशात बसते.

आता सगळे जमिनीवर मांडावे आणि हुकाचा छोटा वजनकाटा आणावा. डिसेंबरमधल्या चंदन-वंदनच्या एका मुक्कामाची माझी मांडणी अशी भरते: पाणी ३ किलो, खाणे ८०० ग्रॅम, स्लीपिंग बॅग १,१००, कॅरीमॅट ४००, कोरडा जोड आणि फ्लीस ९००, पोंचो ३००, टॉर्च १००, औषधे २५०, ताट-पेला २००, आणि सुरी, सुतळी, साबण, काड्यापेटी, बॅटऱ्या मिळून ३५०. बेरीज ७ किलो ४०० ग्रॅम. सव्वा-दीड किलोची सॅक धरली तरी नऊ किलोंच्या आत. सरावलेला माणूस शरीराच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझे वाहू शकतो. नवशिक्याने पंधरा टक्के ही लक्ष्मणरेषा मानावी. साठ किलोच्या माणसाला ती नऊ किलोंवर येते. वजन जास्त भरले तर एकेक वस्तू उचलून विचारावे की ही नसली तर रात्री काय बिघडेल. पाणी, कोरडा जोड, टॉर्च आणि औषधे यांना हात लावायचा नाही. बाकी सगळे वादाला मोकळे.

ही रास मोठ्या कापडी पिशवीत भरून ती पिशवी घेऊनच दुकानात जावे. चाळीस-पंचेचाळीस लिटरच्या सॅकमध्ये ती मावते, असा बहुतेकांना अनुभव येईल. लिटरपेक्षाही महत्त्वाचे माप पाठीचे. मान पुढे झुकवली की तिच्या तळाशी एक हाड वर येते, तिथे शिंप्याच्या टेपचे टोक धरायला घरातल्या कुणाला तरी सांगावे. दोन्ही हात कमरेच्या हाडांच्या माथ्यावर ठेवून अंगठे मागे जुळवावेत. ते मिळतात त्या रेषेपर्यंतचे अंतर म्हणजे आपले माप. उंची सारखी असलेल्या दोन माणसांत हे अंतर चार-पाच सेंटिमीटरने वेगळे निघते. स्त्रियांच्या बाबतीत ते पुष्कळदा कमी असते आणि पट्ट्यांची ठेवणही वेगळी लागते, म्हणून घरातल्या मुलीने भावाची सॅक घेऊन निघू नये, तिचे माप वेगळे घ्यावे.

दुकानात रिकामी सॅक अडकवून आरशात पाहण्यात काही हशील नाही. आपले सामान तिच्यात भरावे: स्लीपिंग बॅग तळाला, पाणी आणि खाणे पाठीला चिकटून मधोमध, पोंचो सगळ्यात वर. मग सगळे पट्टे सैल करून आधी कमरपट्टा बांधावा, तो कमरेच्या हाडांवर बसेल असा, पोटावर नव्हे. त्यानंतर खांद्यांचे पट्टे ओढावेत, शेवटी छातीचा. आता खांदे किंचित उचलून पाहावेत. ओझे कमरेवर असेल तर खांदे सहज वर येतात आणि पट्ट्याखाली दोन बोटे सरकतात. सरकत नसतील तर ती सॅक कितीही देखणी असो, आपली नाही.

आणि घेतल्यावर तिला थेट मुक्कामाला नेऊ नये. साताऱ्यात राहणाऱ्याला अजिंक्यतारा दारातच आहे. पाच लिटर पाणी भरून रोज सकाळी एकदा वर, चार दिवस. चौथ्या दिवशी कमरेवर, खांद्यावर किंवा टाचेवर जिथे लाल चट्टा उमटेल, तिथला पट्टा किंवा मोजा अजून बदलता येतो.